एकशे वीस लिटर पाणी

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मामांना डायलिसिसला न्यायची ड्यूटी माझ्याकडे आली. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. एके दिवशी सकाळच्या पाळीला टेक्निशियन म्हणाला, "काका, जरा थांबा. पाण्याची टेस्ट बरोबर आलेली नाही." मामा वैतागले. चरफडलो मीही. पाणी ते पाणी, त्यात एवढं काय?

मला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी समजून त्याने आर.ओ. रूम दाखवली आणि माझी चांगलीच शाळा घेतली.

हिशेब सोपा आहे. मशीनमधून मिनिटाला साधारण ५०० मि.लि. द्रव वाहतो. चार तासांत झाले १२० लिटर! आपण पितो ते पाणी आतड्यांतून रक्तात जाते आणि नको ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. इथे पेशंटचं रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवते. पण क्लोरीन आणि क्लोरामाइन डायलिसिसमधून रक्तात गेले तर तांबड्या पेशी फुटतात. क्लोरामाइन आर.ओ.च्या पडद्याला नीट अडत नाही. म्हणून त्याआधी कार्बनच्या दोन टाक्या, एकापाठोपाठ एक. नमुना पहिल्या टाकीनंतर घ्यायचा, दर पाळीच्या आधी. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. पहिली टाकी थकली तरी दुसरी सांभाळून घेते. त्या दिवशी नेमके हेच झाले होते. दुसऱ्या टाकीनंतरचे पाणी स्वच्छ निघाले, तेव्हाच मामांचे मशीन सुरू झाले.

पण क्लोरीन काढले की जंतूंना रान मोकळे! म्हणून पाइपात पाणी सतत फिरते ठेवतात आणि ठराविक काळाने निर्जंतुक करतात.

हे दुर्लक्षिले तर काय होते? १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात शेवाळाचे विष असलेले पाणी डायलिसिसला वापरले गेले. यकृत निकामी होऊन ५० च्या वर रुग्ण दगावले.

बाकीची काळजी आपल्या हातातली. फिस्टुलाचा हात सुई टोचण्याआधी साबणाने धुवायचा. त्या हातावर बी.पी. घेऊ द्यायचे नाही, तो उशाला घ्यायचा नाही. रोज बोटांनी त्याची थरथर तपासायची; थांबली तर लगेच डॉक्टर गाठायचे. हेपॅटायटिस बी ची लस घ्यायची. त्याच्या रुग्णांसाठी मशीन वेगळे हवे. आणि सिस्टरांनी दोन पेशंटच्या मध्ये हात धुतले नाहीत तर विचारायला लाजू नका.

मामा आता स्वतःच विचारतात, "काय रे, पाणी पास झालं का?"

जाता जाता एक सांगतो. परवा आपल्या हॉस्टेलचा वॉटर प्युरिफायर पाहिला. फिल्टर बदलल्याची तारीख लिहायची जागा कोरीच आहे.