मोत्याचा चेहरा

आमच्या हॉस्टेलचा मोत्या दिवाळीच्या सुट्टीत गेला. मोबाईलमधले त्याचे सगळे फोटो हललेले, म्हणून कार्टून काढायला बसले. रूममेट म्हणाली, "बटाटा छान आलाय!" चेहरा सपाट, रेघा सगळ्या सारख्याच जाड.

मग ड्रॉइंग हॉलमधलं ज्ञान कामी आलं. टू-एच पेन्सिलने आधी गोल काढा, त्यावर मधली रेघ. मान वळलेली असेल तर ही रेघ सरळ नको, क्रिकेटच्या चेंडूवरच्या शिवणीसारखी वाकलेली हवी. डोळ्यांची आडवी रेघही तशीच. पलीकडचा डोळा अरुंद, नाकाड त्या बाजूच्या गालावर थोडं चढलेलं. आता टू-बी घ्या: जबडा खालून जाड, कपाळ बारीक, मिशांना पेन्सिल नुसती टेकवायची. शेवटी भुवयांची आतली टोकं वर उचलली आणि मी बघतच राहिले. मेसच्या दारात पोळीसाठी तो असाच बघायचा.

डावा कान मात्र अजून जमलेला नाही.