नर्सिंगचें शिक्षण : मुलींच्या व वडीलधाऱ्यांच्या विचारासाठीं

बारावीचा निकाल लागला कीं पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो : मुलीस नर्सिंगला घालावें काय? बाप म्हणतो, पगार लवकर सुरू होईल. आई म्हणते, पोरीचा जीव कनवाळू आहे, तिला हें काम शोभेल. आणि आजी विचारते, परक्यांचें मलमूत्र काढण्यासाठीं का तिला इतकें शिकविलें? तिघांच्याहि बोलण्यांत थोडें थोडें तथ्य आहे. परंतु ज्यावरून निर्णय व्हावा ती गोष्ट कोणीच बोलत नाहीं. परिचारिकेचें काम हें मुख्यतः लक्ष देऊन पाहण्याचें, मोजण्याचें आणि खरें तेंच लिहून ठेवण्याचें काम आहे.

एक उदाहरण घेऊं. खोकणारें लहान मूल दवाखान्यांत आणिलें आहे. परिचारिका त्याच्या छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे श्वास 60 किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आंतील मुलाचे 50 किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, तर श्वास जलद समजून न्यूमोनियाची शंका धरावयाची असते. मूल रडत असतां केलेली मोजणी उपयोगाची नाहीं. पंधरा सेकंद मोजून चौपट करणेंहि बरें नव्हे, कारण तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाहीं. ह्या एका मिनिटावर मुलाचा जीव अवलंबून असूं शकतो. आणि तें मिनिट बहुधा अशा वेळीं द्यावें लागतें, जेव्हां दुसरे दहा रोगी हाका मारीत असतात.

आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच आहे. मलमूत्र काढणें म्हणजे नुसती घाण उचलणें नव्हे. लघवी किती झाली, तिचा रंग कसा, शौचांत रक्त आहे काय, हें पाहून नोंदावें लागतें, व त्या नोंदीवरून वैद्य उपचार बदलतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854 सालीं 38 स्त्रियांसह क्रिमियाच्या युद्धांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत गेली. तेथें जखमांपेक्षां रोगांनींच अधिक शिपाई मरत होते. लोकांस तिच्या हातांतील दिवा आठवतो. आमच्या मतें तिची नोंदवही अधिक आठवावी, कारण स्वच्छतेची सुधारणा व्हावी म्हणून ती सरकारापुढें भांडली तें मृत्यूचे आंकडे मांडून. पुढें 1860 मध्यें लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत तिची परिचारिका-शाळा सुरू झाली.

आपल्याकडे मिरजेस डॉ. वॉनलेस यांचें इस्पितळ 1894 मध्यें उघडलें, आणि 1897 पासून तेथें परिचारिकांचें शिक्षण सुरू झालें. त्या काळीं परजातीच्या रोग्यास शिवणें बहुतेक घरांना विटाळाचें वाटे, म्हणून मुली मिळत नसत. तेव्हां जातिभेद मागें टाकून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुली पुढें आल्या, आणि पुढें कित्येक वर्षें देशांतील बहुतेक शिक्षित परिचारिका ह्याच समाजांतल्या होत्या. आतां सर्व समाजांच्या मुली, आणि मुलगेहि, ह्या शिक्षणास येतात.

अभ्यासक्रम मुख्यतः तीन. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचें. त्यास भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन बारावी लागते. जीएनएम तीन वर्षांचें. त्यास दुसऱ्या शाखेची बारावीहि चालते, मात्र इंग्रजी हवें. एएनएम दोन वर्षांचें व फक्त मुलींसाठीं असून आरोग्य उपकेंद्रांत काम करणारी परिचारिका बहुधा हेंच शिकलेली असते. वय सतरा पूर्ण पाहिजे.

रक्त पाहून मुलीला घेरी येते म्हणून पुष्कळ आईबाप भितात. ती भीति बहुधा संवयीनें जाते. खरें पारखावयाचें तें निराळेंच आहे. हातून भांडें फुटलें तर ती आपण होऊन सांगते, कीं लपविते? द्यावयाचें औषध विसरून वहींत मात्र दिलें असें लिहिणारी परिचारिका कितीहि गोड बोलणारी असो, रोग्यास घातक आहे. रात्रपाळी, तासन्‌तास उभें राहणें, संसर्गाची धास्ती, आणि पुष्कळ खासगी दवाखान्यांतील तुटपुंजा पगार, हेंहि मुलीला आधींच सांगावें. केवळ पगाराच्या आशेनें तिच्या मनाविरुद्ध घालूं नये.

शेवटीं पैशाची गोष्ट. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या तालुक्याच्या गांवीं दिसतात. तसल्या प्रमाणपत्रावर राज्याच्या परिचर्या परिषदेंत नोंदणी होत नाहीं, आणि नोंदणीवांचून कोणी परिचारिका म्हणून सरकारी नोकरींत घेत नाहीं. कित्येक गरिबांचें शेत अशा पाटीपायीं गहाण पडलें आहे. म्हणून फी भरण्यापूर्वीं त्या संस्थेला चालू वर्षाची मान्यता आहे काय, हें परिषदेकडे विचारावें. विद्यार्थिनी कोणत्या इस्पितळांत काम शिकतात तें विचारून तेथें स्वतः जावें, आणि खाटांवर रोगी आहेत कीं नुसत्या चादरी, तें डोळ्यांनीं पाहावें. प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. ज्या घरांत इंग्रजी कागद वाचणारें कोणी नाहीं, तेथें शाळामास्तरांनीं किंवा उपदेशकांनीं तो वाचून त्याचा अर्थ सांगावा. आणि तोंवर अंगठा किंवा सही कोणीं करूं नये.