चांदणी सापडली

आम्ही मालेगावात राहतो. आमच्या मोहल्ल्यात यंत्रमागांचे कारखाने आहेत. दिवसभर त्यांचा खडखडाट चालू असतो.

आमच्याकडे एक पांढरी मांजर आहे. तिचे नाव चांदणी. बुधवारी संध्याकाळी मी घराचे दार उघडे ठेवले. चांदणी बाहेर गेली, ती परत आलीच नाही. धाकटी बहीण रडू लागली. चूक माझीच होती. रात्री मला झोप लागली नाही.

गुरुवारी मी गल्लीत घरोघर विचारले, "आमची मांजर पाहिलीत का?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "नाही रे बाळा. पण घाबरलेली मांजर सहसा लांब जात नाही. जवळच लपून बसते. सगळे शांत झाले, की शोध."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी मालेगावचे यंत्रमाग बंद असतात. पहाटे मी चांदणीची ताटली वाजवत निघालो. हाक मारायची, थांबायचे, कान देऊन ऐकायचे. कारखान्यामागच्या बंद खोलीतून बारीक आवाज आला, "म्यांव!"

चौकीदार चाचांनी कुलूप उघडले. मी बॅटरीचा उजेड टाकला. रिकाम्या पोत्यांमागे दोन डोळे चमकले!

चांदणी तहानलेली होती. अम्मीने तिला पाणी पाजले. बहीण हसली. मी मात्र आधी दाराला कडी लावली.

स्वाध्याय

१. चांदणीचा आवाज गुरुवारी का ऐकू आला नाही?
२. काकूंनी कोणता सल्ला दिला?
३. मुलाने दाराला कडी का लावली?