चूल, बिऱ्हाड, कुटुंब : हैदराबादच्या मराठी घरांचा एक पाठ

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गाला मी एक साधा तक्ता दिला होता. काचीगुडा, गौळीगुडा, इसामिया बाजार या जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरी जायचे आणि घरात माणसे किती, त्यांचे एकमेकांशी नाते काय, एवढेच टिपून आणायचे. काचीगुड्यातल्या एका घरून विद्यार्थिनी तक्ता अर्धवट ठेवून परतली. तिने आजींना विचारले होते, "घरात माणसं किती?" आजी म्हणाल्या, "जेवायला एक. महालक्ष्म्यांना अकरा. तुला कोणती लिहायची?"

तक्त्यात रकाना एकच होता. तक्ता मी केलेला, तेव्हा चूक माझीच. ती शोधताना जे लक्षात आले ते येथे मांडते.

भारताच्या जनगणनेत, जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, त्यांचा एक गट धरला जातो. कामामुळे एखाद्याला वेगळे जेवावे लागले तरी तो त्याच गटात राहतो. त्यांच्यात नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. वसतिगृह किंवा तुरुंग यांसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांचा संस्थात्मक गट वेगळा, बेघरांचा वेगळा. या चुलीच्या गटाला इंग्रजीत 'हाउसहोल्ड' आणि नात्याच्या गटाला 'फॅमिली' म्हणतात. मराठीत मात्र दोन्ही जागी आपण 'कुटुंब' लिहितो. जुनी माणसे तर बायकोलाही 'आमचं कुटुंब' म्हणत. एका शब्दावर इतके ओझे टाकल्यावर गोंधळ व्हायचाच.

खरे पाहता बोलीत शब्दांना तोटा नव्हता. भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणत. किरायाने राहणारा संसार म्हणजे 'बिऱ्हाड'. पाहुणेरावळे, आश्रित धरून मोठा बारदाना असेल तर 'खटले'. पिढ्यांची परंपरा सांगायची तर 'घराणे'. शेजारच्या तेलुगूतही एकत्र कुटुंबाला 'उम्मडि कुटुंबम्' आणि वेगळ्या थाटलेल्या संसाराला 'वेरु कापुरम्' असे निराळे शब्द आहेत. तक्ता करताना मी पुस्तकातले शब्द घेतले आणि बोलीतले विसरले.

अभ्यासकांनीही हा भेद हाताळला आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि परस्पर नाते. पुढे आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा गावाच्या अभ्यासात (१९६४) दाखवले की छप्पर आणि चूल वेगळी झाली, तरी मालमत्ता, मदत आणि कर्तव्ये यांनी माणसे बांधलेली राहू शकतात. काचीगुड्याच्या आजी वरच्या मजल्यावर एकट्या राहत. खाली दिराचा संसार, चूल वेगळी. एक मुलगा माधापूरला, दुसरा पुण्याला. जनगणनेच्या लेखी ते एका माणसाचे घर. कर्वे यांच्या कसोटीवर ते एकत्र कुटुंब नव्हे; देसाई यांच्या कसोटीवर आहे. आजींनी एका वाक्यात दोन्ही उत्तरे दिली होती.

मग पूर्वी सारी घरे एकत्रच होती काय? तसे समजू नये. श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळच्या शमीरपेट गावाचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. त्या खेड्यातही लग्नानंतर काही वर्षांत मुलगे वेगळे होत असत. शहरातल्या मराठी घरांचे वैशिष्ट्य दुसरेच होते. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया हे राज्यातले एकमेव विद्यापीठ. वरिष्ठ न्यायालय इथे, सचिवालय इथे. त्यामुळे परभणी-नांदेडचा भाचा शिकायला, बीडचा चुलतभाऊ नोकरीच्या शोधात, कोणी खटल्याच्या तारखेला, असे सारे इथल्या नातलगांकडे उतरत. मूळ संसार नवरा, बायको आणि मुले यांचाच. भोवती अशी भर पडलेली. याला एकत्र कुटुंब म्हणता येत नाही आणि छोटे कुटुंबही म्हणता येत नाही. खटले हाच नेमका शब्द. वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी तर कोणत्याच व्याख्येत बसत नाही : आठवड्याला सात चुली, आणि एकही त्याची नव्हे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याबरोबर अनेक मराठी कर्मचारीही गेले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. भाच्याची वाट बदलली. कोणाचे भांडण झाले नाही, वाटण्या झाल्या नाहीत, तरी इथली घरे आक्रसली. सरहद्द हलली की पंगतीतली पाने कमी होतात, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

अलीकडची भर दुसऱ्या टोकाला आहे. १९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि माधापूर, कोंडापूर, गच्चीबावलीत तरुण मराठी जोडपी आली. बाळंतपणाला आजी-आजोबा येतात, काही महिन्यांनी परततात. त्या महिन्यांत घर तीन पिढ्यांचे असते, एरवी दोन. मोजणी कोणत्या महिन्यात केली यावर घराचा प्रकार ठरतो.

हा केवळ मोजणीचा प्रश्न असता तर मी या वार्षिकात लिहिले नसते. शाळेत मराठी नसलेल्या मुलाला ती घरातच मिळते, आणि तीही बहुधा जेवताना, निजताना, आजीच्या तोंडून. माझ्या विद्यार्थिनीने पुढे आजींच्या माधापूरच्या नातवाला भेटून टिपले : त्याला मराठी समजते, पण उत्तर तो इंग्रजीत देतो. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मात्र मराठीत बोलतो. तेव्हापासून आमच्या तक्त्यात एकाऐवजी चार प्रश्न आहेत. शिक्षकांनी ते आपल्या गावी जरूर वापरावेत.

१. रोज एका चुलीवर किती जण जेवतात?
२. सणाला किती जण जमतात, आणि कोणाच्या घरी?
३. आजारपणात पैसा आणि माणूस कोठून येतो?
४. घरातले सर्वांत लहान मूल मराठीत कोणाशी बोलते?

चौथ्या प्रश्नाचा रकाना भरताना विद्यार्थी पुष्कळदा थांबतात. थांबू द्यावे. तो रकाना कोरा राहिला, तर तेही उत्तरच आहे.