हुशार मूल वर येतेच का?

प्रश्न : दरवर्षी निकाल लागले की पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून पहिल्या आलेल्या मुलांच्या बातम्या वाचायला मिळतात. म्हणजे जिद्द असेल तर गरिबी आड येत नाही. मग तरुणांमधल्या विषमतेमुळे देशाचा विकास अडतो, असे अर्थतज्ज्ञ का म्हणतात? नुकसान झालेच तर त्या मुलाचे होईल. बाकीच्यांचे काय जाते?

उत्तर : जे मूल पहिले आले, त्याची बातमी झाली. तेवढीच हुशार असून सातवीत शाळा सुटलेली मुलगी कुणाला दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर अशा न दिसणाऱ्या मुलांकडे आहे.

त्यांचा माग काढण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. राज चेट्टी, ॲलेक्स बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२ लाख संशोधकांच्या पेटंटच्या नोंदी प्राप्तिकराच्या नोंदींशी जोडल्या आणि हे संशोधक कोणत्या घरांत वाढले ते पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतले मूल पुढे संशोधक होण्याची शक्यता, उत्पन्नाच्या खालच्या निम्म्या घरांतल्या मुलाच्या दहापट असते.

श्रीमंतांची मुले मुळातच हुशार असतील का? तेही तपासले गेले. न्यूयॉर्कच्या शाळांतले तिसरीचे गणिताचे गुण पाहिले, तेव्हा या तफावतीचा एक तृतीयांश भागही गुणांवरून उलगडला नाही. गणितात अव्वल असलेली गरीब मुलेही मागेच राहिली. ज्या भागात एखाद्या क्षेत्रातले संशोधक जास्त, तिथे वाढलेली मुले त्याच क्षेत्रात शोध लावतात. मुली तर त्या क्षेत्रातल्या स्त्रिया आसपास असल्या तर तिकडे वळतात. जे कधी पाहिलेच नाही, ते व्हायचे स्वप्न मूल कुठून बघणार? मुली, अल्पसंख्य आणि गरीब घरांतली मुले सुखवस्तू गोऱ्या मुलांच्या प्रमाणात संशोधनाकडे वळली असती, तर अमेरिकेत संशोधक चौपट झाले असते, असा या अभ्यासकांचा अंदाज आहे. जे औषध शोधलेच गेले नाही, त्याचा तोटा प्रत्येक रुग्णाला होतो. बाकीच्यांचे जाते ते हे.

दार उघडले की काय होते, याचाही हिशेब झाला आहे. १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टर-वकिलांपैकी ९४ टक्के गोरे पुरुष होते. २०१० पर्यंत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. या पन्नास वर्षांत दरडोई उत्पादनात जी वाढ झाली, तिच्यातला २० ते ४० टक्के वाटा गुणवत्तेला योग्य जागा मिळू लागल्याचा आहे, असे चँग-ताई श्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

आता आपल्याकडे बघा. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि मुकादमाकडून घेतलेली उचल. ज्या घराकडे तारण नाही, त्याला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मिळणे कठीण. अंगमेहनतीवर उचल मात्र मिळते. म्हणून ते घर मुलीच्या भविष्यात पैसा घालू शकत नाही, उलट तिचे आजचे श्रम वापरते. शाळेचे वर्ष ऐन भरात असताना ती फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. काही वर्षांनी तिच्याही हातात कोयता येतो. गरिबी अशी पिढीजात होते. कमी कौशल्य, कमी मजुरी आणि म्हणून कमी खरेदी, असा फेरा गावाच्या बाजारालाही घेरतो.

हा फेरा तोडता येतो. इंडोनेशियाने १९७३ पासून पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे शाळा जास्त झाल्या, तिथली मुले जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मजुरीही वाढली, हे एस्थर डफ्लो यांनी दाखवून दिले. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. शेतकऱ्याच्या साऱ्यातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, हे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

पत्र्याच्या खोलीतल्या मुलाचे कौतुक जरूर करावे. पण एवढी असामान्य जिद्द दाखवली तरच जिथे वर येता येते, तिथे साधारण जिद्दीची हजारो हुशार मुले वाया जात असतात. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच राहण्या-जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आपल्याकडे आहेत. ती कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी सुरू व्हायला हवीत. आई-बाप निघून गेल्यावर महिन्याभराने दार उघडले, तर मूल तोवर फडावर पोहोचलेले असते.