स्पीकर उघडण्याआधी

अ‍ॅम्प्लिफायर पोटात घेऊनच येणारे स्पीकर बाजारात आले आणि घरातला वायरींचा पसारा आटोक्यात आला. बिघाड शोधणं मात्र अवघड झालं. पूर्वी डेक वेगळा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे. एकेकाला बाजूला काढलं की गुन्हेगार सापडायचा. आता आवाजात जरा काही बिनसलं की सगळा ठपका त्या एका खोक्यावर येतो.

रत्नागिरीच्या आमच्या घरात टीव्हीशेजारी अशी एक जोडी आहे. उजव्या खोक्यात अ‍ॅम्प्लिफायर, डावं खोकं तारेनं त्याला जोडलेलं. त्यातून बारीक घरघर येऊ लागली. ऐकणं बहुतेक शास्त्रीय संगीताचं, त्यामुळे तानपुरा चालू असेपर्यंत ती लपून राहायची आणि ध्वनिमुद्रण संपलं की एकटीच उरायची. पेटीवर ताडून पाहिलं तर सूर पांढरी पाचशी जवळपास जुळत होता, फक्त बराच खालच्या सप्तकातला आणि किंचित चढा. हा पुरावा मोलाचा होता. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. ५० आणि त्याची दुप्पट १००, दोन्ही पांढरी पाचच्या आसपासच पडतात. म्हणजे कर्णा फाटलेला नव्हता, ध्वनिमुद्रणही खराब नव्हतं. विजेचीच घरघर आवाजात शिरत होती. कुठून, एवढंच शोधायचं होतं.

स्पीकर दुकानात नेले. तिथे घरघर आलीच नाही. तरीही निकाल लागला, ‘काका, बोर्ड गेलाय. गरम झाल्यावर आवाज येत असणार.’ नव्या बोर्डाची किंमत ऐकली आणि स्पीकर परत घेऊन आलो. जो आजार दुकानात दिसत नाही आणि घरी दिसतो, तो घरातच शोधायला हवा, हे तर साधं तर्कशास्त्र आहे.

घरी आल्यावर आधी टीव्हीकडून येणारी वायर स्पीकरच्या मागून काढली. पूर्ण शांतता. म्हणजे खोकं निर्दोष. मग तिथेच मोबाइल लावला, चार्जर न जोडता. तरीही शांतता. टीव्ही परत लावला की घरघर हजर. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड काळी वायर पिळून काढली आणि आवाज तत्क्षणी थांबला.

कारण असं. केबलवाल्याच्या वायरीवरचं जाळीचं आवरण खांबांवरून, गच्चीवरून फिरत येतं आणि वाटेत कुठेतरी जमिनीशी जोडलेलं असतं. आमच्या स्पीकरला तीन पिनांच्या प्लगातून घराचं अर्थिंग मिळतं. या दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक राहतोच, आणि तो भरून काढण्यासाठी प्रवाह टीव्ही आणि स्पीकरमधल्या ऑडिओ वायरीतून वाहतो. गाण्याचा सिग्नलही त्याच वाटेनं जात असल्यामुळे दोन्ही एकत्र ऐकू येतात. दोष कोणत्याच यंत्रात नाही, जोडणीत आहे. बोर्ड बदलला असता तरी घरघर राहिलीच असती.

यावर भाच्यानं सुचवलेला उपाय गावोगाव चालतो : ‘मामा, ती वरची जाड पिन काढून टाक, आवाज लगेच जाईल.’ आवाज जातो, हे खरं आहे. म्हणूनच हा उपाय घातक. आत कुठे वायर निसटून मागच्या धातूच्या पत्र्याला टेकली तर वीज निघून जायची वाट तीच पिन असते. ती नसेल तर पत्रा जिवंत होतो आणि त्याला हात लावणारा माणूस वाट बनतो. घरघर परवडते.

योग्य उपाय दोन आहेत. टीव्ही आणि स्पीकर दोन्हीला ऑप्टिकलचं भोक असेल तर ती वायर वापरा; त्यातून प्रकाश जातो, प्रवाह जाऊ शकत नाही, प्रश्नच मिटला. नसेल तर ऑडिओ वायरीच्या मध्ये आयसोलेटर बसवा. बोटभर डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. अगदी स्वस्तातल्या डबीनं खर्ज थोडा पातळ होतो, पखवाज ऐकणाऱ्यांनी जरा बरी घ्यावी. लॅपटॉप लावल्यावरच गुणगुण येत असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा. बॅटरीवर आवाज स्वच्छ झाला तर दोषी चार्जरच.

एका बाजूचा आवाज गेला तरी घाई नको. स्पीकरच्या मागच्या लाल आणि पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या बाजूला गेला तर बिघाड वायरीत किंवा टीव्ही-मोबाइलात आहे. त्याच बाजूला राहिला तरच स्पीकरवर संशय घ्या, आणि तेव्हाही आधी दोन खोक्यांमधली तार तपासा. आमच्याकडच्या खाऱ्या दमट हवेत तारांची टोकं हिरवी पडतात. ती कापून नवी सोलली की पुष्कळदा काम भागतं. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होते तीही बहुधा या हवेचीच करणी. वीज बंद ठेवून बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवून पाहा.

आणखी एक गमतीचा ‘बिघाड’. विलंबित ख्याल बारीक आवाजात लावला की काही स्पीकर मधेच गप्प होतात. सिग्नल क्षीण झाला की ते आपलं आपण झोपी जातात, वीज वाचवायला. सेटिंगमध्ये ती सोय बंद करता येते का ते बघा. आलापाला कंटाळणारं यंत्र आपल्या काय कामाचं?

खरा बिघाड ओळखायची खूण वेगळी. सगळ्या वायरी काढल्या, व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी घरघर आहे. तर ती आतलीच. बहुधा वीज गाळणारा कंडेन्सर डोक्यावर फुगलेला असतो. उष्णतेनं तो लवकर म्हातारा होतो, म्हणून स्पीकर भिंतीला चिकटवू नका. हे काम मात्र घरी करू नका. हल्लीच्या बऱ्याच स्पीकरांत २३० व्होल्टची वीज आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहते. मेकॅनिकला तेवढाच कंडेन्सर, १०५ अंश लिहिलेला, टाकायला सांगा. पूर्ण बोर्डापेक्षा तो किती तरी स्वस्त पडतो. फ्यूज उडाला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

दुकानात जाताना स्पीकरबरोबर त्याच्या वायरीही न्या. ‘बोर्ड गेलाय’ असं कानावर आलं, तर पैसे काढण्याआधी तो बिघाड तिथेच ऐकवून दाखवायला सांगा.