जंजिऱ्याची जलयात्रा

राजपुरीच्या धक्क्यावरून आमची शिडाची होडी निघाली, तेव्हा मराठवाड्याच्या कोरड्या मुलुखात वाढलेल्या आम्हां विद्यार्थ्यांची छाती धडधडत होती. जंजिऱ्याचे महाद्वार होडी अगदी समीप येईपर्यंत दृष्टीस पडत नाही. तोवर तट अखंडच भासतो.

आत सिरुलखानाचा वाडा भग्नावस्थेत उभा आहे. छप्पर नाहीसे झाले, भिंती तेवढ्या उरल्या. परंतु मला वाड्याहून अधिक नवल वाटले ते तेथील गोड्या पाण्याच्या तलावांचे. सभोवार खारा समुद्र असता दुर्गवासी वेढ्यात तगले, ते बव्हंशी या पाण्यावर. संभाजीमहाराजांनी १६८२ च्या सुमारास समुद्रात सेतू घालण्याचा यत्न आरंभिला. पण मोगल कोकणात उतरल्यामुळे त्यांना सैन्य फिरवावे लागले. सिद्द्यांचे हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

हे सिद्दी मूळचे हबसाणातले. आपले नगर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवून तेथे नहराने पाणी खेळविणारा मलिक अंबरही हबशीच होता, हे गुरुजींनी सांगताच आम्ही पुन्हा एकवार तलावाकाठी गेलो. पाणी आता हिरवे झाले आहे. इतक्यात नावाड्याने हाक दिली.